हाक मारण्याजोगं नाव

कुत्री दोन घरची होती, तिला दोन नावं होती, आणि ती एकाही नावाला ओ देत नव्हती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण ही बया दोन्ही घरी पोट फुगेस्तोवर खायची. सकाळी ज्योत्स्नाच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, मासोळीची डोकी. दुपारी शेजारच्या शेफालीच्या आंगणात कालवण-भात. उरलेला वेळ ती कुठे असायची ते तिचं तिलाच ठाऊक. आणि ती जाईल तिथे तिच्यामागे ज्योत्स्नाची रिंकू. पाच वर्षांची पोर, पायात चप्पल नाही, हातात जाळ्याच्या दोरीचा एक तुकडा. दोरीचं एक टोक रिंकूच्या मुठीत, दुसरं कुत्रीच्या गळ्यात. कोण कुणाला फिरवतंय ते देवालाच माहीत.

ज्योत्स्नाला त्या दोरीची भीती वाटायची. खोटं कशाला बोला, त्या उन्हाळ्यात तिला सगळ्याचीच भीती वाटायची. ती वरोऱ्याची. तिच्या माहेरी भ्यायचं ते हमरस्त्यावरच्या ट्रकांना, नाहीतर कापसाच्या उलटणाऱ्या गाड्यांना. लग्न होऊन ती चामोर्शीच्या पुढच्या या टोल्यावर आली, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासेमार ढिवरांची दहा-पंधरा घरं आणि त्यांना लागून सरहद्दीपलीकडून आलेल्या बंगाली निर्वासितांचा कॅम्प. पाळीच्या वरच्या अंगाला मोहाची झाडं आणि तिथून जे जंगल सुरू होतं ते कुठे संपतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. नवी नवरी असताना रात्री भेकर ओरडलं तरी ती उठून बसायची. नवरा, प्रफुल, हसायचा. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," म्हणायचा आणि कूस बदलून झोपायचा.

आता तो हसायला घरीच नव्हता. मच्छीमार सोसायटीच्या लोकांबरोबर तो ब्रह्मपुरीकडच्या मोठ्या तलावावर मासेमारीला गेला होता, होळी करूनच यायचा होता. सासू बायनाबाई मार्कंड्याच्या जत्रेला गेली ती तिथेच बहिणीकडे राहिली. घरात ज्योत्स्ना आणि रिंकू दोघीच. आणि नेमका त्याच दिवसांत बिबट टोल्यात शिरायला लागला.

आधी कोंबड्या गेल्या. मग एक बकरू. मग टोल्याच्या त्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या देवरावचा कुत्रा, तोही सपरीतून, घरापुढच्या पडवीतून, माणसं आत झोपलेली असताना. सकाळी साखळी होती, पट्टा होता, कुत्रा नव्हता. ओरडण्याचा आवाजसुद्धा कुणी ऐकला नाही. देवराव पट्टा हातात घेऊन घरोघर दाखवत फिरला. ज्योत्स्नाच्या दारात उभा राहून म्हणाला, "कुत्र्यावर त्याचा लय जीव आहे, बाई. तुमची कुत्री सांभाळा. आन तिच्या मांगं हे पोट्टी फिरून राह्यली, इले त पयले सांभाळा."

तेवढं ऐकून ज्योत्स्नाने रिंकूला आत ओढून घेतलं. त्याच संध्याकाळी रिंकू दिसेना. "काळी, काळी" करून ज्योत्स्नाने घसा कोरडा केला, पलीकडून शेफालीच्या सासूने "बुडी, ओ बुडी" लावलं. कुत्रीने दोन्हींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंधार पडता पडता दोघी आपल्या आपण पाळीवरून खाली आल्या, पोरगी पुढे, कुत्री मागे, दोघींच्या अंगाला चिखल. ज्योत्स्नाने पोरीला आधी दोन धपाटे घातले आणि मग छातीशी धरून रडली.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या घाटावर भांडी घासताना तिने शेफालीला गाठलं. "हे दोन नावाचं खूळ बंद करा लागते," ती म्हणाली. "एक नाव ठेवू. दोनी घरचे तेच नाव घेतीन. हाक मारली का कुत्री आली पायजे. कुत्री आली का मांगं पोट्टी येते."

"तो काली मत बोलो ना, जोस्नादी," शेफाली म्हणाली. कॅम्पात जन्मलेली, पण तिची बोली तीन भाषांची खिचडी होती. "काली हमारा मा है. ठाकुर है. उसका नाम लेके कुत्ता को हाड् हाड् करते, तो हमारा सास कान पे हात रखता है. लय पाप लागते."

"कुत्री काळी आहे मनून काळी. आमच्या मनात कायचं देवबिव आलं?"

"मालूम है. फिर भी."

"आन तुमची ते बुडी? आमची माय जत्रेले जायच्या आधी रोज इचारे, ते बंगालीन मले कायले बलावते मनून. इथी बुढी मंजे म्हातारी ना!"

शेफाली हसून हसून पाण्यात बसायची बाकी राहिली. त्यांच्यात म्हणे घरातल्या लाडक्या लहान पोरीलाच बुडी म्हणतात. मग दोघींनी नावं काढायला घेतली. एक ना धड भाराभर चिंध्या. मोती म्हणावं तर शेफालीच्या थोरल्या दिराचं नाव मोतीलाल. त्याचं नाव ती मेली तरी तोंडाने घेणार नाही. गंगा म्हणावं तर ज्योत्स्नाच्या घरी गंगा म्हणजे पाणी, ज्याच्यावर चूल पेटते ते. तिला उष्टं कसं टाकायचं? राणी नावाची नात देवरावकडे होती. काठावर बसून पाण्यात पाय हलवणारी रिंकू एवढ्यात म्हणाली, "टायगर ठेवू! टीव्हीत होता टायगर."

"चूप!" दोन्ही बाया एकदम ओरडल्या. आणि दोघींचीही मान आपोआप पाळीवरच्या झाडांकडे वळली.

शेफाली हळू आवाजात म्हणाली, "हमारा ससुर खुलना का जंगल के पास का. वो उसका नाम कभी नहीं लेता था. मामा बोलता था. नाम लिया तो सुनता है."

"राहू दे आता," ज्योत्स्ना म्हणाली. तिला ऐकायचं नव्हतं.

कुत्री तेवढ्यात घाटावर आली आणि शेफालीच्या ताटलीतलं खरकटं चाटायला लागली. शेफालीने तिच्या डोक्यावर टपली मारली. "आ गया मेरा शोना," ती सहज म्हणाली, जसं कुणीही बंगाली बाई लेकराला म्हणते.

"सोना," ज्योत्स्ना म्हणाली. "हे तर आमच्यातबी आहे."

सोना. दोन्हींकडे अर्थ एकच, कुणाच्या देवाचं नाही, कुणाच्या दिराचं नाही. कुत्री रंगाने तव्याच्या बुडासारखी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! पण रिंकूने "सोना" म्हणून हाक मारली तेव्हा तिने ताटलीतून तोंड वर काढलं आणि एक कान उभा केला. काळी-बुडीच्या वेळी तिने कधी एवढीही तसदी घेतली नव्हती.

मग दोन्ही घरांनी तिला शिकवायचं काम घेतलं. हाक मारायची, आली की वाळलेला झिंगा द्यायचा. झिंग्यांची एक अख्खी टोपली त्यात गेली, पण कुत्री शिकली. शेफाली तिकडून "शोना" म्हणाली की तिकडे पळायची, ज्योत्स्ना इकडून "सोना" म्हणाली की इकडे. सगळ्यात जास्त हाका रिंकूच्या. दिवसभर सोना, सोना, सोना. संध्याकाळ व्हायच्या आत ज्योत्स्ना दारात उभी राहून एक हाक मारायची, आणि कुत्री पाळीवरून सुसाट खाली यायची, दोरीला धरून रिंकू फरफटत मागे. ज्योत्स्ना आतून बांबूचा टट्टा लावून घ्यायची, त्याला पाटा टेकवायची आणि पहिल्यांदा पोटभर जेवायची. नाव ठेवणं एवढं कामाचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

बायनाबाई आली ती होळीच्या आदल्या दिवशी. जीप कॅम्पाच्या नाक्यावर थांबली, म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन उतरली, टोल्याकडे चालत आली. ज्योत्स्ना सपरीत तांदूळ पाखडत होती. म्हातारीला पाहून तिला इतकं बरं वाटलं की ती सूप टाकून पुढे गेली. आणि त्याच वेळी तलावाकडून रिंकूची हाक आली. "सोनाऽऽ! ये ना, सोनाऽऽ!"

बायनाबाईच्या डोक्यावरचं गाठोडं पडलं. तिने ते उचललं नाही. जत्रेतल्या बांगड्या, लाह्या, प्रसादाचा नारळ सगळं मातीत गेलं आणि ती उभ्या जागी खाली बसली.

"माय! का झालं, माय?"

"कोनाले हाक मारून राह्यली ते?" म्हातारीचा आवाज ओळखू येत नव्हता.

"कुत्रीले. नाव ठेवलं आमी, मी आन शेफालीनं…"

"कोनं सांगितलं तुले हे नाव?"

"कोनंच नाई."

बायनाबाईने तिच्याकडे पाहिलं. ज्योत्स्नाने सासूला रागावलेली पाहिली होती, नवऱ्याच्या तेराव्याला कोरड्या डोळ्यांनी वाढताना पाहिली होती. घाबरलेली कधी पाहिली नव्हती. ही बाई भर पुरात नदीत डोंगा घालायची.

म्हातारीला घरात नेऊन पाणी पाजलं, मग ती बोलली. प्रफुलच्या आधी तिला एक मुलगी होती. प्रफुल पाळण्यात होता तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. पहाटे आईबरोबर मोहफुलं वेचायला गेली. आई एका झाडाखाली, लेक दुसऱ्या झाडाखाली, मध्ये हाकेएवढं अंतर. आईने हाक मारली तेव्हा झाडाखाली नुसती टोपली होती.

"तिचं नाव…" ज्योत्स्नाने विचारलं आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"घेऊ नोको," म्हातारी म्हणाली. "ज्याले जनावर नेते ना, ते मंग त्याच्या समोर समोर चालते. त्याले वाट दाखवते. त्याचं नाव घेऊन हाक मारली का ते येते. जो हाक मारन त्याच्याकडं येते. आन एकटं नाई येत."

म्हणून त्या घरात ते नाव त्या दिवसापासून कुणी उच्चारलं नव्हतं, आणि टोल्यात तर ते आता कुणाला आठवतही नव्हतं. फोटो नव्हता, पान वाढणं नव्हतं, पितरांत आठवण नव्हती. मोहाच्या झाडांजवळचं वरचं घर सोडून ते खाली पाळीखाली राहायला आले होते. प्रफुलला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच त्याने बायकोला सांगितलं नव्हतं; सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. इतकं नीट झाकून ठेवलं, की बाहेरून आलेल्या सुनेने नेमका त्याच्यावरच पाय ठेवला.

वरोऱ्याच्या ज्योत्स्नाने हे ऐकून हसायला हवं होतं. माहेरी असती तर हसलीही असती. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. हाक मारणाऱ्याकडे येतं, आणि सगळ्यात जास्त हाका रिंकूने मारल्या होत्या.

ती शेफालीकडे गेली. वाटलं होतं, ती तरी म्हणेल की हे सगळं खूळ आहे. शेफालीने ऐकलं, चेहरा उतरला, आणि तिने आधी आपल्या दाराची कडी तपासली. "हमारे में भी ऐसा बोलते हैं," एवढंच म्हणाली. बोली वेगळी, देव वेगळे, दोघींच्या घरांत भीती मात्र एकच निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना सांदवाडीत गेली, तर पाण्याच्या रांजणाभोवतीच्या ओल्या मातीत पावलं उठलेली. गोल, स्वच्छ, नखं नसलेली. रांजणापासून टट्ट्यापर्यंत आली होती आणि टट्ट्याशी थांबली होती. ज्या कुडाला लागून रिंकू झोपायची त्या कुडाच्या पलीकडे माती दाबल्यासारखी झाली होती, कुणी बराच वेळ बसून राहावं तशी. ज्योत्स्नाची पाचावर धारण बसली. कुत्री रात्री घरातच होती, तिच्या वासाने तो आला असेल. हे तिला कळत होतं. कळण्याने भीती कमी होत नाही.

बायनाबाईने पावलं पाहिली आणि निकाल दिला. कुत्री घरात नको. तिचं नाव आता बदलता येत नाही, ती दुसऱ्या नावाला ओ देणार नाही आणि जोवर ती इथे आहे तोवर कुणी ना कुणी चुकून हाक मारणारच. देवराव उद्या डोंग्यातून वैनगंगेपलीकडे जाणार होता, तो तिला तिकडे सोडून येईल. ज्योत्स्नाने मान हलवली. तिला कुत्रीची दया आली, पण पोरीपुढे दया कसली?

"आजपासून कोनी हाक मारायची नाई," म्हातारीने रिंकूला बजावलं. कुत्रीला खांबाला बांधलं. तिला काही कळेना. काल जी माणसं दिवसभर बोलवत होती ती आज तोंड उघडत नव्हती. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसली. रिंकू कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती आणि रडत नव्हती. लेकरू रडत नसलं की आईने समजायला हवं. ज्योत्स्नाला ते समजलं नाही. ती दाराला आतून दुसरा बांबू बसवण्याच्या नादात होती.

त्या दिवशी होळी. दुपारपासून पोरंसोरं लाकडं गोळा करत होती, शेफाली आणि तिच्या घरचे चामोर्शीला बाजाराला गेले होते. दिवस कलला तेव्हा ज्योत्स्ना मागे गेली. खांबाला दोरी नव्हती. कुत्री नव्हती. कोनाड्यातला झिंग्यांचा डबा नव्हता.

"रिंकू!" तिने हाक मारली. मग मोठ्याने. मग धावत धावत तलावाच्या काठाने, घाटावर, होळीच्या लाकडांपाशी. देवराव म्हणाला, "पोट्टी त मंगानीच पाळीवर जाताना दिसली, कुत्री होती संगं. मले वाटलं तुमी आहा मांगं."

तेव्हा ज्योत्स्नाला सगळं उमगलं. पोर हरवली नव्हती, लपली होती. उद्या कुत्रीला नेणार म्हणून तिला लपवायला गेली होती. आणि लपलेलं लेकरू आपल्या नावाला कशाला ओ देईल? आई जितकी ओरडेल तितकं ते अधिक आत सरकेल.

ती पाळीवर चढली. देवराव काठी आणायला वळला, होळीजवळच्या माणसांना हाका मारायला लागला, पण तिला थांबणं शक्य नव्हतं. पाळीच्या वरच्या अंगाला मोहाची झाडं होती, खाली पिवळ्या फुलांचा सडा, त्याचा गोड वास नाकात बसणारा. झाडांच्या मागे बांबूचं रान. ऊन फक्त शेंड्यांवर उरलं होतं, खाली काळोख भरत चालला होता. आणि मग डाव्या हाताला, झाडावर, वानर खोकलं. एकदा. मग दुसरं. मग सगळी टोळी एकदम खकाऽऽ खकाऽऽ करायला लागली. त्याचा अर्थ इतक्या वर्षांत तिलाही कळू लागला होता. त्यांना वरून तो दिसत होता.

"रिंकू! रिंकू वो! नाई मारत तुले, ये!" काही नाही. बांबू हलला नाही, फांदी मोडली नाही.

एकच हाक उरली होती. ती मारली की कुत्री येणार, दोरीला धरलेली पोर येणार. झिंगे घालून घालून तिनेच शिकवलं होतं. आणि तीच हाक मारली तर आणखी काय येणार, तेही तिला सांगितलेलं होतं. एका बाजूला पोर, एका बाजूला ती न पाहिलेली नणंद, आठ-नऊ वर्षांची, जनावराच्या पुढे पुढे चालणारी. खोटं असेल, ज्योत्स्ना स्वतःला म्हणाली. सगळं खोटं असेल. पण खरं असलं तर? वानरांचा आवाज उजवीकडे सरकत होता. तिने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

मागून एक हात आला आणि तिच्या तोंडावर घट्ट बसला. माशांचा वास असलेला, जाळी ओढून ओढून खरबरीत झालेला हात. ज्योत्स्ना सुटायला धडपडली, तिने चावासुद्धा घेतला. हात सुटला नाही.

"तू नोको," बायनाबाई तिच्या कानात म्हणाली. म्हातारी पाळ चढून आल्याने धापा टाकत होती. "तुह्या घरी लेकरू आहे. हाक मारनाऱ्याकडं येते ते. मले मारू दे. येऊ दे माह्याकडं."

आणि तिने सुनेला मागे ढकललं, चार पावलं पुढे गेली, झाडांच्या अगदी तोंडाशी. पदर कमरेला खोचला. ज्योत्स्नाला वाटलं, हिचा आवाजच फुटणार नाही. पण ती ढिवराची बाई होती, या काठावरून त्या काठावरच्या डोंग्याला हाक घालणारी.

"सोनाऽऽऽ!"

वानरं गप्प झाली. तलावाच्या पाण्यावरून ती हाक फिरून परत आली.

"सोनाऽऽऽ! ये वो माय! ये घरी!"

बांबूत एक भुंकणं झालं. मग झुडपं मोडत, दात विचकत, पाठीवरचे केस उभे राहिलेली कुत्री बाहेर आली, आणि तिच्यामागे दोरीला ओढली जाणारी रिंकू, फ्रॉक फाटलेला, काखेत झिंग्यांचा डबा. ती रडत होती. "मी नोको म्हनत होती, तरी आली ते! आजीनं हाक मारली ना मनून आली!" ज्योत्स्नाने पोरीला उचललं. तिला वाटलं, आता हिला आपल्या अंगातून कधी वेगळी करूच नये. कुत्री मात्र उलट फिरली होती आणि बांबूकडे तोंड करून गुरगुरत होती. पाळीच्या खालून देवराव आणि माणसं टेंभे घेऊन, डबे वाजवत येत होती.

"माय, चाल. आली. रिंकू आली, माय!"

बायनाबाईने ऐकलं नाही. ती झाडांकडे तोंड करून उभी होती.

"सोना! सोना वो! मी आहो इथी! ये!"

कुत्री गुरगुरायची थांबली. ती बायनाबाईच्या पायाशी आली, तिच्या तोंडाकडे बघायला लागली. तिला वाटत असावं, मी तर आले, आता अजून कशाला बोलावते? म्हातारी पुन्हा हाक मारी आणि कुत्री पुन्हा तिच्या पायाला अंग घाशी. तेव्हा ज्योत्स्नाला कळलं की या हाका कुत्रीला नव्हत्या. पोरीला घेऊन पळावं असं वाटत होतं, आणि म्हाताऱ्या बाईला तिथे एकटी सोडवत नव्हतं. ती तशीच उभी राहिली, पोरीचं तोंड खांद्यात दाबून, बांबूच्या काळोखातून काय बाहेर येतं त्याची वाट पाहत.

काहीच आलं नाही. दूर, खूप आत, वानर एकदा खोकलं. तो निघून गेला होता.

माणसं जवळ आली, टेंभ्यांचा उजेड झाडांखालच्या फुलांवर पडला. बायनाबाईचा आवाज बसला होता. ती खाली बसली, मोहाच्या सड्यात, आणि तिने कुत्रीच्या गळ्यात हात टाकला.

"तीस वर्सं भेव होतं मले," ती ज्योत्स्नाला म्हणाली, "का एक हाक मारली त ते येईन." मग तिने झाडांकडे एकदा पाहिलं. "नाई आली वो, पोरी. एवढ्या हाका मारल्या, नाई आली."